गोलघुमटातली ओ

सोलापूरकराला विजापूर म्हणजे परगाव नव्हेच. पाहुणा आला की पहिल्या दिवशी सिद्धेश्वराचं दर्शन, दुसऱ्या दिवशी चादरींची खरेदी आणि तिसऱ्या दिवशी त्याला छोट्या आगगाडीत घालून गोलघुमट दाखवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. शाळेच्या सहली तिथंच, कॉलेजच्याही तिथंच. लग्न ठरण्याआधी मीही पाच-सहा वेळा गेले असेन. वर चढायचं, ओरडायचं, आपलाच आवाज सात वेळा ऐकून खिदळायचं आणि खाली उतरून डबे उघडायचे. त्या खेपांमधलं आज मला डब्यात काय होतं तेवढंच आठवतं.

नंतरच्या दोन खेपा मात्र डोक्यातून जात नाहीत. त्या दोन्ही अत्तीबरोबरच्या. पुढं कधी लग्नाकार्याला विजापूरला गेले तर स्टेशनातून बाहेर पडताच घुमटाकडे पाठ करून टांग्यात बसते. बरोबरची माणसं हसतात. हसू देत.

अत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कानडीत आत्याला अत्ती म्हणतात, आणि आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात निम्मं बोलणं कानडीत चाले; भांडणं मात्र मराठीत. तिला अक्कलकोटच्या बाजूला दिली होती. यजमानांचं भुसाराचं दुकान होतं. लग्नाला तिसरं वर्ष लागलेलं असताना एका सकाळी ‘विजापूरला मिरची बघून येतो’ म्हणून तिच्या हातची भाकरी बांधून ते निघाले, ते आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, आजार नाही. विहिरी पाहिल्या, भीमेचे डोह पाहिले, मठ पाहिले, ज्योतिषी पाहिले. वर्षभरानं अप्पा, म्हणजे माझे वडील, तिला घरी घेऊन आले. तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. तिच्याबरोबर एक पेटी होती आणि कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू.

ते कुंकू हाच पुढं आमच्या घरातला प्रश्न झाला. नवरा बेपत्ता झाला तर बाईनं बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याला गेला समजून कुंकू पुसायचं, ही आमच्याकडची रीत. आमच्या धर्मात बाईला सगळी मोकळीक दिलेली आहे असं पुस्तकांतून सांगतात. पुस्तकं आमच्या पेठेत आलेली दिसत नव्हती. त्या बारा वर्षांत अत्ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण बोलावणारीच्या चेहऱ्यावर ‘नाही आली तर बरं’ असं लिहिलेलं असायचं. ती जायची नाही. घरी बसून कडक भाकऱ्या थापायची. आख्ख्या पेठेत तिच्याइतकी पातळ भाकरी कुणाची नसे. मला न्हाऊ घालणं, माझी वेणी घालणं, मला परीक्षेला दही-साखर देणं, सगळं तिनं केलं. आईला माझ्यामागून झालेल्या तिघांतून सवड नव्हती. मी आईपेक्षा अत्तीचीच होते, हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

मोठ्या दुष्काळाचं वर्ष सरलं, पाऊस बरा झाला आणि माझं लग्न ठरलं. मुलगा माढ्याचा, शाळेत मास्तर. बैठकीत सगळं जमल्यावर मुलाच्या काकूनं पानाला चुना लावता लावता विचारलं, “हळदीला सवाष्णी कोन कोन बसनार तुमच्यातल्या? त्या तुमच्या भैनीचं काय?”

अप्पांनी सुपारीचं तबक पुढं सरकवलं. त्या श्रावणात बारा वर्षं पुरी झाली होती आणि ते त्यांना माहीत होतं. माहीत नसल्यासारखं ते दोन महिने वागत होते, इतकंच. पाहुणे गेल्यावर घरातली मोठी माणसं सोप्यात बसली आणि लग्नाआधी तेवढं उरकून घ्यावं असं ठरलं. ‘तेवढं’ म्हणजे अत्तीचं कुंकू, बांगड्या आणि मंगळसूत्र. ‘उरकून’ हा शब्द चुलत्यांनी वापरला. मी दाराआड उभी होते. हे सगळं माझ्या हळदीसाठी चाललं होतं.

अत्ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

“अण्णा, तुमी म्हनाल तसं,” ती अप्पांना म्हणाली. “पन आदी मी एकदा विजापूरला जाऊन येते.”

“विजापूरला काय हाय आता?”

“काम हाय. हिला संगं नेते.”

बारा वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं. अप्पांना नाही म्हणता आलं नाही.

काम काय ते तिनं मला गाडीत सांगितलं. होटगी गेल्यावर डबा जरा रिकामा झाला तेव्हा ती खिडकीकडे बघतच बोलायला लागली. लग्नानंतर पाच महिन्यांनी यजमान तिला गोलघुमट दाखवायला घेऊन गेले होते. वर गॅलरीत तिला एका बाजूला बसवून ते पलीकडच्या बाजूला गेले आणि भिंतीशी तोंड नेऊन तिला नावानं हाक मारली. एवढ्या लांबून कानाशी बोलल्यासारखी हाक आली. मग म्हणाले, आता तू मला नावानं हाक मार. हितं कोण ऐकणार आहे?

“जितं काडी वडल्याली साऱ्यांना ऐकू येती, तितं म्हने कोन ऐकनार हाय,” अत्ती म्हणाली आणि जराशी हसली. मी तिला त्या विषयावर हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

“मग मारलीस?”

“छा! नवऱ्याला नावानं हाक मारतंय व्हय कुनी?”

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. उखाण्यात नाव घेणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. उखाणा चारचौघींच्या आग्रहानं, पदराआडून, एकदाचा म्हणून टाकायचा. पण बायकोनं नवऱ्याला नावानं हाक मारली की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं आमच्याकडे लहानपणापासून कानावर घालत. अत्तीनं तो सगळा दिवस ‘नगं, नगं’ म्हणत काढला. ते हिरमुसले होते. परत येताना गाडीत म्हणाले, एकदा तरी मारशील. ती म्हणाली, बघू.

“आता कुंकूच पुसायचं म्हनत्यात तर एकदा मारून बगते,” ती म्हणाली. “तीन डाव मारीन. जित्ता मानूस कुटंबी असू दे, आपल्या मान्साच्या तिसऱ्या हाकंला ओ देतोच. न्हाय आली ओ, तर मी हिकडनं गेल्या गेल्या बांगड्या उतरीन. कुनाला सांगायला लागनार न्हाय.”

“आणि आली तर?” मी विचारलं.

बाहेर ज्वारीची शेतं जात होती आणि त्यांच्यापलीकडे, स्टेशन यायच्या कितीतरी आधी, घुमट दिसायला लागला होता. तो असाच दिसतो. गाव दिसत नाही, झाडं दिसत नाहीत, आधी तोच.

टांगेवाला म्हणाला, “अम्मा, पैले घुमट देखलो. धूप चढी तो उप्पर नै जा सकते.” पण अत्तीला घाई नव्हती, किंवा भीती वाटत असावी. तिनं आधी सगळं गाव फिरवायला लावलं. मुलूख मैदान तोफेवर तिनं हात ठेवून पाहिला. बारा कमानीत आम्ही उभ्या राहिलो. नुसत्या कमानी, वर छप्पर नाही, मधोमध कबरी. बापाच्या घुमटावर लेकाच्या इमारतीची सावली पडू नये म्हणून हे काम अर्धं सोडलं, असं टांगेवाल्यानं सांगितलं. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक. अत्ती म्हणाली, “मेल्यावरबी सावलीची भांडनं.” आदिलशाही गेली, तिचे हत्ती गेले, खजिने गेले, आणि उरलं काय तर ज्याच्या त्याच्या थडग्याची जागा. त्या उन्हात फिरताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपण ज्याला सहल म्हणत आलो ते सगळं स्मशानच आहे. आजवर आम्ही तिथं खिदळत डबे खाल्ले होते.

घुमटात शिरल्यावर गारवा आला. खाली चौथऱ्यावर सुलतानाची कबर, त्याच्या बेगमांच्या कबरी. अत्तीनं पदर नीट केला आणि त्यांना नमस्कार केला. मग कोपऱ्याच्या मनोऱ्यातल्या त्या अरुंद, उंच पायऱ्या. मी दर मजल्यावर थांबायचं म्हणत होते, ती थांबली नाही.

वर गॅलरीत चार-दोन माणसं होती. खाकी कपड्यातल्या पहारेकऱ्यानं कागद फाडून दाखवला, तो पलीकडच्या भिंतीत फाटला. माणसं ‘वा’ म्हणाली, ते ‘वा’ही सात वेळा झालं. थोड्या वेळानं पहारेकरी त्या माणसांना बाहेर गच्चीवर गाव दाखवायला घेऊन गेला. अत्ती भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, “तू तिकडं जा जरा.”

तिला एकांत हवा होता. मी गॅलरीच्या कडेकडेनं चालत गेले. माझ्या पावलांचे आवाज माझ्या पुढंमागं चालत होते. चालता चालता मी बरोबर तिच्या समोरच्या बाजूला पोचले. ती तिथून लहान दिसत होती, हिरव्या लुगड्याचं बोचकं. मी तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. तिच्या मनातलं आपण बघू नये म्हणून पाठ केली. ऐकू येईल हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण पाच-सहा वेळा तिथं गेलेल्या मुलीच्या ते लक्षात येत नाही?

आधी तिच्या बांगड्या ऐकू आल्या. माझ्या कानापाशी. मग तिचा श्वास. मग तिनं हाक मारली.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. तिनं ते जन्मात तीनदाच घेतलं. आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला मारावी तशी हाक होती, जेवायला ये म्हणून मारतात तशी. भिंतीनं ती फिरवली, परत फिरवली आणि विझवली. मग काहीच नाही. दुसरी हाक आली. त्यात काहीतरी मागणं होतं. ती विझल्यावर अत्ती इतका वेळ थांबली की मला वाटलं संपलं, उठेल आता. मी डोळे मिटले होते. मला तिचं कपाळ दिसत होतं, पांढरं, कुंकू नसलेलं. माझ्या हळदीच्या आधी.

तिसरी हाक आली तेव्हा तिचा आवाज फुटला. मध्येच.

आणि मी ओ दिली.

ठरवून दिली नाही. ठरवायला वेळच नव्हता. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास ओठांतून बाहेर पडावा तशी “ओ”. कुजबुजीला बाई-पुरुष नसतो. ती भिंतीत शिरली आणि गेली.

मी वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं पाहिलं तेव्हा अत्ती उभी होती, दोन्ही हात भिंतीला टेकून. मी धावत फेरा घालून गेले. तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. घाबरलेला होता आणि उजळला होता.

“ऐकलंस?” तिनं विचारलं.

तिथंच सांगायचं होतं. ‘अत्ती, मी दिली गं’ म्हणून तिच्या गळ्यात पडायचं होतं. ती एक रट्टा घालती आणि रडती आणि दोघी खाली उतरलो असतो. पण तो उजेड मला विझवता आला नाही.

“काय?” मी म्हणाले. “मला काहीच नाही ऐकू आलं.”

“बरुबर हाय,” ती हळूच म्हणाली. “तुला कशी यील?”

म्हणजे मी नुसती ओ दिली नाही, ती फक्त तिलाच ऐकू आली अशी साक्षही दिली. एका खोट्यानं दुसऱ्याला पाट-पाणी दिलं.

घरी आल्यावर तिनं अप्पांना सांगितलं, “त्यांनी ओ दिली. ते हाईत.” चुलते चिडले, आई देवापुढं साखर ठेवून आली. कुंकू राहिलं. सासरकडची काकू नाक मुरडत राहिली, पण माझ्या हळदीला पहिला हात अत्तीचा लागला आणि माझी पहिली ओटीही तिनंच भरली. मी माढ्याला गेले ती मनात आनंद घेऊनच. आपण कुणाचं तरी भलं केलं, असं मला वाटत होतं. पुढची चार-पाच वर्षं सणाला माहेरी आले की अत्तीच्या अंबाड्यात फुलं दिसत. हळदीकुंकवाला ती आता जाऊ लागली होती, ताठ मानेनं. मला वाटायचं, चालू दे. कुणाचं काय बिघडतंय?

मग एका संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गर्दीत, कृष्णेकाठच्या एका लहान मठातले म्हातारे अय्या, म्हणजे स्वामी, आमच्या घराचा पत्ता विचारत आले. मी त्या दिवशी तिथंच होते. त्यांनी झोळीतून चांदीची एक डबी काढून अत्तीपुढं ठेवली. आमच्यात जन्मभर गळ्यात लिंग घालतात, ते ज्या डबीत असतं ती. बिजागरी एकदा तुटून डाग देऊन बसवलेली. अत्तीनं तो डाग बोटानं चाचपला आणि डबी मुठीत धरली.

अत्तीचे यजमान त्या मठात राहिले होते. पाणी भरायचे, गाई बघायचे. मागचं कधी बोलले नाहीत. शेवटच्या तापात मात्र सोलापूरचं, शुक्रवार पेठेचं नाव सांगितलं. रीतीप्रमाणं लिंग तळहातावर ठेवून त्यांना समाधी दिली आणि डबी घरच्यांसाठी मागं ठेवली. किती दिवस झाले, अप्पांनी विचारलं. अय्या म्हणाले, आठ वर्षं. येईन येईन म्हणता राहून गेलं.

आठ वर्षं! कृष्णेकाठाहून सोलापूरला यायला माणसाला आठ वर्षं लागतात का? मला त्या म्हाताऱ्याला झोळीसकट बाहेर काढावंसं वाटलं. मग माझी मीच हिशेब केला. आम्ही विजापूरला गेलो त्याला पाच वर्षं झाली होती.

अत्तीनंही तोच हिशेब केला. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “मग ओ कुनी दिली?”

खोलीत दहा माणसं होती. मी गप्प बसले. ही माझी दुसरी चूक आणि ही पहिलीपेक्षा वाईट. पहिलीत निदान माया तरी होती.

कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. ते सगळं तिनं शांतपणे केलं. मी माढ्याला परतले आणि मला वाटलं, संपलं एकदाचं. ज्येष्ठात अप्पांचं इनलँड आलं. लिहिलं होतं, अत्ती दर अमावास्येला विजापूरला जाते. भाकरी बांधून नेते, घुमटाच्या पायरीशी ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. जेवत नाही, झोपत नाही. तुझं ऐकेल, तू ये.

मी गेले. ती अर्धी झाली होती. मला बघून तिला बरं वाटलं, माझ्या पोराला मांडीवर घेतलं, आणि मग जे बोलली ते ऐकून मला पायाखालची जमीन दुभंगावी असं झालं.

“मीच वडून आनलं गं त्यास्नी,” ती म्हणाली. “शिवाच्या पायाशी निवांत बसल्यालं मानूस. मी नाव घिऊन हाक मारली, ती बी तीन डाव, आन् ते उटून आले. आता परत जायाला वाट घावंना. तितं त्या बेगमांच्या थडग्यांत माझा मानूस एकला बसलाय की.”

“अत्ती, आपल्यात असं नसतं. समाधी दिलेला माणूस भटकत नाही. अय्यांनी पण सांगितलं ना?”

“अय्यांनी ऐकलंय व्हय? मी ह्या कानानं ऐकलंय.”

तिच्या कानाला खोटं पाडू शकेल असं जगात एकच माणूस होतं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. मी म्हणाले, मी येते बरोबर.

गाडीत मी दोनदा तोंड उघडलं. एकदा होटगीला आणि एकदा भीमेचा पूल गेल्यावर. दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे इतक्या विश्वासानं पाहिलं की मी तिला पाणी हवं का, असं विचारलं. तोंडावर सांगणं मला जमणार नाही हे मला कळून चुकलं. वर गेल्यावर मीच म्हणाले, “अत्ती, तू बस तुझ्या जागेवर. मी पलीकडं जाते.”

गॅलरीत गच्चीच्या दारापाशी एक नवं जोडपं होतं. ते हळू आवाजात हसत होते आणि त्यांचं हसणं सगळ्या भिंतीभर फिरत होतं. ते जाईपर्यंत मी थांबले. मग भिंतीशी तोंड नेलं. या खेपेला पलीकडून बांगड्यांचा आवाज नव्हता.

“अत्ती,” मी म्हणाले, “त्या दिवशी ओ मी दिली. ते नव्हते. मी होते. इथंच बसले होते. तुझं कुंकू जाऊ नये म्हणून दिली आणि नंतर सांगायचा धीर झाला नाही. तू कुणाला ओढून आणलं नाहीस. इथं कुणी नाही, अत्ती. कुणीच नव्हतं.”

ते शेवटचं ‘कुणीच नव्हतं’ जरा मोठ्यानं गेलं. घुमटानं ते उचललं आणि वरून खाली फेकत राहिला. मला कान झाकून घ्यावेसे वाटले. तिच्या नवऱ्याचं भूत मी पळवून लावत होते हे खरं; पण सोळा-सतरा वर्षांत तिला त्या माणसाकडून मिळालेलं एकच उत्तर होतं, तेही मी काढून घेत होते. बोलून झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

पलीकडून काही आलं नाही. मी वळून पाहिलं. ती बसली होती तशीच बसली होती, हात मांडीवर.

“अत्ती,” मी हाक मारली. ती फिरून फिरून विझली. परत मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा मी रडत होते. तिला ऐकू गेलं नाही असं होणं शक्यच नव्हतं.

मी फेरा घालून तिच्याकडे गेले. तिनं मला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, “चल, गाडी चुकंल.” भाकरीचं गाठोडं तिनं खाली नेऊन टांग्याच्या घोड्याला घातलं. गाडीत माझ्या खांद्याला डोकं टेकून ती झोपली, थेट सोलापूरपर्यंत.

विजापूरला ती पुन्हा गेली नाही. जेवायला लागली, झोपायला लागली, पेठेतल्या लेकींच्या बाळंतपणाला हक्कानं जायला लागली. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माढ्याला येऊन दोन महिने राहिली. माझ्याशी बोलायची, हसायची, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. फक्त एक गोष्ट. मी लांबून हाक मारली तर ती ओ देत नसे. पहिल्यांदा वाटलं ऐकू येत नसेल. पण अप्पांनी सोप्यातून हाक मारली की “ओ, आले”. दूधवालीनं रस्त्यावरून हाक मारली की “ओ”. माझी पोरं ‘अत्ती’ म्हणाली की ती दोन-दोनदा ओ द्यायची. मी मारली की हातातलं काम तसंच चालू. तिनं कधी कारण सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर तिच्यापाशी होते. डोळे मिटून पडलेली असायची. मी दारातून हाक मारायची. एकदा, दोनदा, तीनदा. मग खाटेपाशी जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला की डोळे उघडायची आणि म्हणायची, “आलीस व्हय? बस की.”